स्प्रिंगची दांडी

मी त्यांच्या अंगावर पडले आणि माझ्याखाली हाड मोडलं. गुडघ्यावर वाळकी काटकी मोडताना होतो तसा आवाज झाला. तो आवाज कानात असतानाच उसाच्या ट्रॉलीचं मागचं चाक आमच्या डोक्यापासून हातभर अंतरावरून पुढं गेलं.

सायकल आमच्या दोघांच्या पायांत अडकली होती. ती बॅटरीची सायकल. मूठ त्यांच्या हाताखाली पिळली गेली होती, त्यामुळं मागचं चाक हवेत गरगर फिरत राहिलं. माझ्या लुगड्याचा काठ त्यात गेला, तेव्हा कुठं ते थांबलं.

मालक ओरडले नाहीत. मालक म्हणजे माझा नवरा. त्यांचं नाव मी आयुष्यात कधी घेतलं नाही, आताही घेत नाही. ते एवढंच म्हणाले, "ऊठ आधी. वजन लागतंय तुजं."

चहाच्या गाड्यावरची माणसं धावत आली. त्यांनी मला बगलेत धरून उठवलं, मग सायकल उचलली. मालकांना उचलायला गेले तेव्हा त्यांचा उजवा पाय भलतीकडंच वळलेला दिसला आणि सगळ्यांनी हात मागं घेतले. ट्रॅक्टरवाला खाली उतरला. मी धक्का दिला नाही, मी धक्का दिला नाही, असं जो दिसेल त्याला सांगत होता. खरं बोलत होता तो. त्याची काही चूक नव्हती. आमची सायकल चालतीसुद्धा नव्हती. ट्रॅक्टर वळत होता म्हणून आम्ही थांबलो, आणि थांबल्या जागी आडवे झालो.

ही उंब्रजमधली, हायवेच्या कडेच्या रस्त्यावरची गोष्ट. आम्ही बँकेतून परत निघालो होतो. मालक मिलिटरीतून सुभेदार होऊन पेन्शनीवर आलेले. पेन्शनवाल्याला दरसाल थंडीच्या तोंडाला बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत असा कागद द्यावा लागतो. तो देऊन आम्ही घरी चाललो होतो. आमचं गाव तिथून दीड कोसावर.

पडण्याचं कारण साधं होतं. मालकांचा पाय जमिनीला टेकला नाही. सायकल थांबली, त्यांनी उजवा पाय खाली सोडला, बोटं रस्त्याच्या वर चार अंगुळं लोंबत राहिली, आणि सायकल तिकडंच कलली. मी मागं कॅरिअरवर डावीकडं पाय सोडून बसले होते. उडी मारायला वेळ मिळाला नाही. मी पाठीवर पडायची, ती त्यांच्या कमरेवर पडले.

पाय का टेकला नाही, ते सांगायला पाच महिने मागं जावं लागेल.

मालकांकडं आधी मोटरसायकल होती. गुडघा आखडला तशी तिची किक बसेना, आणि एकदा शेताच्या बांधावर ती त्यांच्यासकट कलंडली. मग त्यांनी ती विकून बॅटरीची सायकल घेतली. आमचं रान घरापासून लांब, ओढ्यापलीकडं. चालत जाणं त्यांच्या पायाला जमणारं नव्हतं. सायकल नसेल तर रान दुसऱ्याला वाट्यानं द्यायचं आणि आम्ही दोघांनी कुपवाडला लेकीच्या दारात जाऊन बसायचं, एवढंच उरत होतं. लेक दर फोनला तेच म्हणायची. मालक म्हणायचे, मी सायकलीवर बसतोय तोवर विषय काढायचा न्हाई. म्हणून ती सायकल नुसती सायकल नव्हती. तिच्यावर बसता येतं की नाही यावर आमचं घर उभं होतं.

घेताना त्यांनी मधे आडवी नळी असलेली, उंच घोड्यासारखी सायकल घेतली. खाली वाकलेल्या नळीची मिळत होती. दुकानदारानं दाखवलीसुद्धा. पण ती बायकांची, म्हणून हे तिच्याकडं बघायलाच तयार नव्हते. त्या वेळी ते ताठ होते, पाय लांब होते, चाललं.

दोन वर्षांत दोन गोष्टी बिघडल्या. पहिली पाठ. मिलिटरीत असताना डोंगरात गाडी उलटून त्यांच्या मणक्याला मार बसला होता. रानाच्या वाटेवर सगळे दगडगोटे. प्रत्येक खड्डा सीटमधून वर येऊन त्याच मणक्यात बसायचा. रानातून आले की ओट्यावर पालथे पडायचे आणि मी गरम विटेनं शेकायचे. दुसरी गोष्ट गुडघा. सायकलीवर चढताना पाय वर जाईना आणि उतरताना जमीन सापडेना.

आमचा जावई कुपवाडला एका कारखान्यात लेथवर आहे. घराशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे, सुट्टीच्या दिवशी तिथं बाहेरची कामं करतो. हाताचा हुशार माणूस. त्याला लेकीनं सासऱ्याच्या पाठीचं सांगितलं. त्यानं चौकशी केली आणि फोनवर म्हणाला, सायकलीच्या सीटखाली जी दांडी असते ती बदलता येते. दोन प्रकारच्या मिळतात. एक स्प्रिंगची, मोटरसायकलच्या शॉकपसारखी, हिसका स्वतः खाते, पाठीला लागू देत नाही. दुसरी खाली-वर होणारी. हँडलला एक खटका असतो, तो दाबून सीटवर भार दिला की सीट खाली बसते, दोन्ही पाय जमिनीला टेकतात. चालायला लागलं की ढुंगण जरा उचलून परत खटका दाबायचा, सीट आपोआप वर. दांडी बसायचा पाइप एक, त्यामुळं दांडीही एकच. एक घ्यायची तर दुसरी सोडायची.

महिनाभर आमच्या घरात दुसरं बोलणं नव्हतं. मी खटक्याच्या बाजूनं होते. माझं म्हणणं एवढंच, की पाठ दुखून कुणी मरत नाही, पडून मरतं. मालक स्प्रिंगच्या बाजूनं. पाठ त्यांची होती, तेव्हा त्यांचंही खोटं नव्हतं. पण खरं कारण पाठीच्या पुढचं होतं. ते एकदा जेवताना बाहेर पडलं.

"चौकात उभं ऱ्हायचं आणि खटका दाबून फुस्स करून खाली बसायचं," ते म्हणाले. "मी काय सर्कशीतलं अस्वल हाय?"

"अस्वलाचं पाय टेकत्यात," मी म्हटलं.

त्यावर ते हसले आणि भाकरी अर्धी ठेवून उठले. मी ती कुत्र्याला घातली. त्या दिवसांत कुत्रं बाळसं धरत होतं, एवढं माझ्या ध्यानात आलं होतं.

हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढं सगळं त्यावर आहे. मालकांचं जेवण वर्षभर कमी होत गेलं होतं. आधी दोन भाकरी, मग एक, मग अर्धी. पित्त होतंय म्हणायचे. अंगानं चिपाड झाले होते. पँटीचा पट्टा सैल झाला की मला द्यायचे, मी चुलीत खिळा तापवून त्याला नवं भोक पाडायचे. त्या वर्षात मी चार भोकं पाडली. चार भोकं पाडणारी बाई काय आंधळी असते? दिसत होतं. बोलले नाही. बोललं की दवाखाना, दवाखाना की लेकीचं घर. ते मलाही नको होतं.

जावयानं सांगलीच्या दुकानातून दोन्ही दांड्या आणल्या, जी नको ती परत करायची अशा बोलीवर. आम्ही एका ओळखीच्या टेम्पोत सायकल टाकून कुपवाडला गेलो.

जावयाच्या घरी सासरा गेला की काय होतं ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. पोचल्यापासून मालक पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर. जावई त्यांच्यापुढं खुर्चीवर बसेना. हे त्याला "पावणं" म्हणणार, तो ह्यांना "मामा". एकमेकांकडं सरळ बघून बोलायचं नाही. लेक मधे उभी राहून इकडचं तिकडं करणार. मालकांचं एक ठरलेलं होतं, जावयाला काम सांगायचं नाही. हे काम लेकीनं परस्पर सांगितलं म्हणून झालं, नाही तर ह्यांनी सात जन्मांत सांगितलं नसतं.

शेडमध्ये जावयानं आधी खटक्याची दांडी लावून दाखवली. मला म्हणाला, मामी, तुमी दाबून बघा. मी खटका दाबला आणि दुसऱ्या हातानं सीट रेटली. सीट श्वास सोडल्यासारखी खाली गेली आणि तिथंच राहिली. परत दाबला, वर आली. मी तीन-चारदा केलं. फार चांगली वस्तू. लेक म्हणाली, आईलाच लागतीया ही, आईलाच बसवा सायकलवर. सगळे हसले. मालक हसले नाहीत. ते शेडच्या दारात उभे राहून बाहेर बघत होते.

मग स्प्रिंगची. तिची तऱ्हा जावयानं समजावून सांगितली. तिचं पोट जाड असतं, त्यामुळं ती पाइपात एका जागेच्या खाली उतरत नाही. सीट आहे त्याहून दोन बोटं वरच राहणार. पण बसणाऱ्याच्या भारानं स्प्रिंग दबते आणि उंची बरोबर होते. त्यासाठी स्प्रिंग माणसाच्या वजनाला जुळवून घ्यावी लागते. जड माणसाला कडक, हलक्याला नरम. खाली एक स्क्रू असतो, तो आवळायचा नाही तर सैल करायचा.

म्हणून त्यानं विचारलं, "मामा, वजन किती तुमचं?"

"एकाहत्तर," मालक म्हणाले. विचार केला नाही, लगेच.

एकाहत्तर हे त्यांच्या डिस्चार्ज बुकात लिहिलेलं आहे. मिलिटरीतून सुटताना वजन, उंची, छाती, अंगावरच्या खुणा, सगळं लिहून देतात. मी चौथी शिकलेली, मला ते इंग्रजी पान वाचता येत नव्हतं, पण आकडे कळतात. कुणीही वजन विचारलं की ते एकाहत्तर सांगायचे. उंची विचारली की त्याच पानावरची. सरकारनं मोजून लिहून दिलेलं वजन आहे, ते काय खोटं असतंय, असं त्यांना वाटत असणार. ते सुटून आले तेव्हा लेक तिसरीत होती. आता लेकीचे केस पिकायला लागलेत.

शेडच्या कोपऱ्यात लोखंडाच्या भंगाराचा काटा होता. लेथवर निघालेला कीस आणि तुकडे विकायच्या आधी मोजायला ठेवलेला मोठा काटा, त्यावर माणूस उभा राहील एवढा. आम्ही उभे होतो तिथून दहा पावलं. जावयानं मालकांकडं पाहिलं, मग काट्याकडं पाहिलं. मला ते दिसलं. मग त्यानं मान खाली घातली, कडक स्प्रिंग घातली आणि स्क्रू एकाहत्तर किलोला आवळला.

मालक बसून बघायला चढले. जावयानं हँडल धरलेलं. हे बसले, पण सीट हलली नाही. लाकडावर बसल्यासारखे बसले होते. पायाची बोटं फरशीवर लागेनात.

"कसं वाटतंय?" लेकीनं विचारलं.

"झकास," ते म्हणाले.

जावई म्हणाला, वापरून वापरून थोडी बसल. मग जेवायला वाढलं. जावयानं मटण आणलं होतं. मालकांनी नुसता रस्सा प्यायला.

घरी आल्यावर आठ दिवसांत कळलं की त्या दांडीनं काही दिलं नव्हतं. इतकी कडक, की खड्ड्यातसुद्धा दबायची नाही. हिसका पहिल्यासारखाच पाठीत. वर सीट दोन बोटं उंच झालेली. म्हणजे पाठ होती तशीच आणि जमीन आणखी लांब गेली. पण झकास म्हणून बसले होते ना, आता कसं फिरवायचं. मी म्हटलं, जावयाला फोन करा, सैल करून घ्या, नाही तर ती खटक्याची बसवून घ्या. ते म्हणाले, "एकदा केलंय त्येनं. पावण्याला दोनदा काम सांगायचं व्हय?" मी म्हटलं, मी सांगते. तर म्हणाले, तू सांगितलंस तर मी सायकलीवर बसायचंच सोडतो. सोडलं असतं त्यांनी. मग लेकीचं दार. मी गप्प बसले.

मग त्यांनी एक युक्ती काढली. मला ती कळायला पंधरा दिवस लागले. ते आता कुठंही थांबायचे नाहीत. जिथं दगड असेल तिथंच थांबायचे. देवळाची पायरी, डेअरीचा ओटा, ओढ्याच्या पुलाचा कठडा, पाण्याच्या टाकीपाशी पडलेला जुना पाटा. शेजारी सायकल नेऊन त्यावर पाय ठेवायचे, मग सावकाश उतरायचे. चढतानाही तसंच. गावात कुणी हाक मारली तरी दगड येईपर्यंत थांबायचे नाहीत, पुढं जाऊन मग वळून बघायचे. लोक म्हणायला लागले, सुभेदार म्हातारपणी माजले, बोलवलं तरी थांबत न्हाईत. मी बाहेर चुलीपाशी बसून बघायचे. त्यांच्या डोक्यात अख्ख्या गावाचा नकाशा होता, आणि त्यात नुसते दगड होते.

उंब्रजला ते एकटे जात नव्हते. त्या दिवशी बँकेत मलाही मशीनवर अंगठा द्यायचा होता म्हणून मी बरोबर. रिक्षानं जाऊ म्हटलं, तर नको. जाताना सगळं ठीक झालं. बँकेपुढं पायरी होती. येताना ट्रॅक्टर आडवा आला, मागं उसाच्या दोन ट्रॉल्या. सपाट डांबरी रस्ता. मी मागून पाहिलं, त्यांची मान डावीकडं वळली, मग उजवीकडं. काय शोधत होते ते मला माहीत होतं. तिथं दगड नव्हता.

कराडच्या दवाखान्यात खुब्याचं हाड मोडल्याचं सांगितलं, ऑपरेशन करायला लागेल म्हणाले. भुलीची डॉक्टर एक तरुण बाई होती. औषध किती द्यायचं ते वजनावर असतं, म्हणून तिनं मला वजन विचारलं.

मी म्हटलं, एकाहत्तर.

माझ्या तोंडून तेच आलं. इतकी वर्षं तेच ऐकत होते. तिनं लिहून घ्यायला पेन टेकवलं आणि थांबली. चादर बाजूला केली, त्यांचा दंड धरला, मग पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ तिथंच ठेवला.

"आजी, हे एकाहत्तरचे नाहीत," ती म्हणाली. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"पुस्तकात लिवलंय," मालक म्हणाले. ते शुद्धीवर होते.

"कुठल्या पुस्तकात?"

"डिस्चार्ज बुकात."

तिला कळलं नाही. तिनं दोन माणसांना बोलावून त्यांना स्ट्रेचरसकट काट्यावर घेतलं आणि स्ट्रेचरचं वजन वजा केलं. त्रेपन्न भरले. मालकांनी आकडा ऐकला आणि तोंड भिंतीकडं केलं. तिनं मला विचारलं, कधीपासून असं उतरतंय. मी पट्ट्याचं सांगितलं. वर्षात चार भोकं. ती माझ्याकडं बघत राहिली. बोलली असती तर बरं झालं असतं.

पोटाची तपासणी केली. आत गाठ होती, मोठी. आधी हाड, मग गाठ, असं डॉक्टर म्हणाले. हाडाचं ऑपरेशन झालं.

लेक आणि जावई आम्ही पडलो त्याच दिवशी आले होते. लेक आत बसली. जावई बाहेर माझ्या शेजारी बाकावर येऊन बसला. एरवी तो माझ्या बाकावर बसला नसता. बराच वेळ तो तळहात चोळत होता. लेथवाल्यांच्या हाताला काळं तेल मुरलेलं असतं, ते धुऊन जात नाही.

"मामी," तो म्हणाला, "मला तवाच दिसलं हुतं. मामा बसले आणि स्प्रिंग खाली गेलीच न्हाई. एकाहत्तर असतं तर बोटभर तरी गेली असती."

"मग बोलला का न्हाईसा?"

"काय बोलू? मामांना काट्यावर उभं ऱ्हावा म्हणू? भंगाराच्या?"

मला त्याचा राग आला नाही. मी त्याच्या जागी असते तरी सासऱ्याला भंगाराच्या काट्यावर चढवलं नसतं. पुढच्या खेपेला येईन तेव्हा आपणच गुपचूप स्क्रू सैल करून टाकीन, कुणाला कळणार नाही, असं त्यानं ठरवलं होतं. पुढची खेप दिवाळीला होती, तेव्हा कारखान्यात ओव्हरटाइम निघाला. तो रडायला लागला. मला रडणारा पुरुष बघवत नाही. मी म्हटलं, पावणं, तुमी एकदाच बघितलं, मी रोज बघत हुते, गप बसा. तरी तो रडत होता, म्हणून मी उठून आत गेले.

पाचव्या दिवशी मालकांनी मला विचारलं, तुला लागलं का. पाच दिवसांनी विचारलं. मी म्हटलं, कोपर खरचटलंय. ते म्हणाले, बरं झालं, मी खाली हुतो. मग म्हणाले, सायकल कुठाय. मी म्हटलं, चहावाल्याकडं. त्येला सांग, उन्हात ठेवू नको, बॅटरी जाती. हे त्यांचं माझ्याशी शेवटचं सरळ बोलणं. त्यानंतर जे बोलले ते मिलिटरीतल्या कुणाशी तरी, हिंदीत.

पडून राहिल्यानं छातीत कफ भरला. अंगात ताकद नव्हती, खोकून काढता येईना. डॉक्टर म्हणाले, वजन एवढं उतरलेलं नसतं तर तरले असते. मी म्हटलं, व्हय. नवव्या दिवशी दुपारी, लेक त्यांना चमच्यानं पाणी पाजत असताना, पाणी ओठावरून बाहेर आलं. गाठीला तिची पाळी आलीच नाही.

गावात लोक म्हणाले, उसाच्या ट्रॅक्टरनं घात केला. मी प्रत्येकाला सांगत बसले नाही. ट्रॅक्टरवाला तेराव्याला आला होता, दाराबाहेरच उभा राहिला. त्याला मी आत बोलावलं आणि सगळ्यांपुढं सांगितलं की ह्याचा काही दोष नाही, आम्ही उभ्या-उभ्या पडलो. माझी जाऊ म्हणाली, अशा वेळी असं बोलू नये. मग कोणत्या वेळी बोलायचं?

तेराव्याला आला तेव्हाच जावयानं चहावाल्याकडून सायकल आणली. त्यानं अंगणात ती आडवी टाकली, स्प्रिंगची दांडी उपसून काढली आणि घेऊन मागं परड्यात चालला. मी विचारलं, काय करताय. तो म्हणाला, तोडून टाकतो. मी म्हटलं, दांडीनं काय केलंय तुमचं. तिला एकाहत्तर किलोचा माणूस सांगितला, तिनं एकाहत्तरची तयारी केली. खोटं आपण बोललो. त्यानं ती ओट्यावर ठेवली. मग त्यानं ती हातानं दाबून बघितली, मीही बघितली. दोघांनी मिळून सगळा जोर लावला तरी दबली नाही.

तो जायच्या आधी मी त्याला म्हटलं की रान वाट्यानं द्यायचं नाही, मी चालत जाईन, आणि कुपवाडला येणार नाही. लेक चिडली. म्हणाली, अण्णा गेले तरी तुझा हट्ट गेला न्हाई. मी म्हटलं, हट्ट त्यांचा होता, मी नुसती गप्प बसले. लेकीला ते पटलं नाही. तिचा बाप गेलाय, तिनं काय पटवून घ्यायचं.

आता मी रानात चालत जाते. वाटेत डेअरीचा ओटा आहे, पुलाचा कठडा आहे. मला थांबायला त्यांची गरज लागत नाही. माझे पाय जमिनीवरच आहेत. महिन्यापूर्वी गावात वजनकाट्यासकट डॉक्टर आले होते. मी रांगेत उभी राहून वजन करून घेतलं. बासष्ट भरलं. म्हणजे त्या दिवशी रस्त्यावर त्रेपन्न किलोच्या माणसावर बासष्ट किलोची बाई पडली, वरून सायकल. हिशेब कुणी मांडला नव्हता, तो मी मांडला. कुणाला सांगितला नाही. इथं लिहिला.

त्या सायकलीवर आम्ही दोघं होतो. मालक गेले, मी जगले.